मालक: माहीत नाही

रात्री अकराच्या सुमारास मी पहिल्यांदा यादी काढली, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून, भाड्याने घेतलेल्या आमच्या मशीनांची. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि ३१ ओळी सरसर उतरल्या. प्रत्येक ओळीत मशीनचा लांबलचक क्रमांक, त्याचा आकार, सुरू केल्याची तारीख आणि शेवटी त्याची अवस्था. २६ ओळींच्या शेवटी एकच शब्द होता, ‘रनिंग’. ग्राहक ज्यांच्यावर अवलंबून होते अशी मशीनं त्यात सहा. उरलेली वीस आमच्याच चाचण्यांची, प्रयोगांची, दाखवण्यासाठी उभ्या केलेल्या नमुन्यांची. आणि त्या घटकेला आमच्यापैकी कोणीही कामावर नव्हतं. वीस मशीनं कोणासाठीही नाही, तरी जागी होती.

तिथवर मी आले ती बिलामुळे. तीन महिने बिल चढत होतं. दर बैठकीत आकडा वाचला जायचा, थोडी हळहळ व्हायची आणि पुढचा विषय निघायचा. बिलात बेरीज असते. कुठल्या सेवेचे किती, कुठल्या प्रदेशातले किती, हे सगळं असतं. पण अमुक मशीन तमक्याने एका कामासाठी उघडलं आणि काम झाल्यावर तसंच सोडून तो दुसरीकडे वळला, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला ते बिल दुसऱ्या कोणाचं तरी वाटायचं. मलाही वाटायचं. त्या रात्रीच्या यादीत चार मशीनं माझी निघाली. त्यातलं एक मी ११ महिन्यांपूर्वी एका दुपारपुरतं उघडलं होतं.

क्लाउडबद्दल आपल्याला सगळ्यात आधी सांगितलं जातं ते ‘वापराल तेवढेच पैसे’. वाक्य खरं आहे, पण त्यातल्या ‘वापर’ या शब्दाचा अर्थ मला फार उशिरा कळला. विजेचा दिवा मंद केला की मीटर हळू फिरतो. भाड्याच्या मशीनचं तसं नसतं. प्रोसेसर शंभर टक्के राबत असो की शून्यावर पडून असो, तासाचा दर तोच. आपण पैसे मोजतो ते मशीन आपल्यासाठी अडवून ठेवल्याचे. भाड्याच्या खोलीत कोणी राहिलं नाही म्हणून भाडं चुकत नाही, तसंच हे.

गणनशक्ती टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून विकली जाईल, असं संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली एमआयटीच्या शताब्दी समारंभातल्या भाषणात म्हटलं होतं. ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसी-टू ही भाड्याच्या मशीनांची सेवा चाचणीसाठी खुली केली तेव्हा तिचा दर होता तासाला १० सेंट, आणि दहा मिनिटं चालवलं तरी अख्खा तास धरला जाई. २ ऑक्टोबर २०१७ पासून तिथे लिनक्स मशीनांची मोजणी सेकंदावर आली, कमीत कमी ६० सेकंदांची. गूगलनेही त्याच सुमारास तेच केलं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मीटर इतका बारीक झाला, की बंद केल्याचा लाभ त्या क्षणापासून मिळू लागला. बंद करणं मात्र आपल्यावरच राहिलं.

त्या रात्री मी कागदावर एक साधा हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. आमची टीम सकाळी आठ ते रात्री आठच्या मध्ये कधीतरी काम करते, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे ६० तास. उरले १०८. चौसष्ट टक्के वेळ ती वीस मशीनं कोणाच्याही उपयोगाची नव्हती. एक वा तीन वर्षांच्या वापराचं वचन दिलं तर दर बराच उतरतो, आणि आमच्याकडे त्याचीच चर्चा चालू होती. मी विरोध केला. निम्म्याहून जास्त वेळ रिकाम्या असणाऱ्या मशीनांसाठी वर्षभराचं वचन द्यायचं म्हणजे ती उधळण करारात लिहून घ्यायची. आधी बंद करू, मग जे उरेल त्याचं वचन देऊ, असं मी म्हटलं आणि ते मान्य झालं.

बंद करण्यासाठी लिहिलेली पहिली स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, ४० ओळींची होती. मशीनांची यादी मागव, ‘डेव्ह’ किंवा ‘स्टेजिंग’ (दोन्ही चाचण्यांच्या कामाची) असा टॅग असलेली निवड, त्यातली चालू असलेली ठेव, त्यांचे क्रमांक थांबवण्याच्या कमांडच्या हाती दे. एडब्ल्यूएस, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये, यादीसाठी डिस्क्राइब-इन्स्टन्सेस आणि थांबवण्यासाठी स्टॉप-इन्स्टन्सेस. गूगलमध्ये जीक्लाउडची, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये एझेडची तशीच जोडी आहे. शब्द वेगळे, चाल तीच. एका कमांडचं उत्तर दुसरीच्या तोंडी देण्याची ही पाइपची पद्धत यूनिक्समध्ये १९७३ साली आली, डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे. इतक्या वर्षांनी, त्यांच्या काळात नसलेल्या मशीनांसाठी मी तीच पाइपची उभी रेघ टाइप करत होते. हात एक क्षण थांबला.

माउसने क्लिक करूनही मशीन बंद करता येतं. एकदोन असतील तर मीही तसंच करीन. पण क्लिक मागे काही ठेवत नाही. कोणी, कधी, कुठल्या विचाराने बंद केलं, ते क्लिक करणाऱ्याच्या डोक्यात राहतं आणि तो माणूस सुट्टीवर गेला की तेही त्याच्याबरोबर जातं. स्क्रिप्ट वाचता येते. तिच्यावर बोट ठेवून ‘ही अट चुकीची आहे’ असं म्हणता येतं. आमच्या स्क्रिप्टच्या पहिल्याच आवृत्तीखाली एका सहकाऱ्याने लिहिलं, ‘शुक्रवारी रात्री दहापर्यंत चालू राहू दे, आम्ही तेव्हा नवी आवृत्ती चढवतो.’ क्लाउडच्या वेब-पानावर क्लिक करत बसले असते तर हे मला कळलं असतं एखाद्या शुक्रवारी, रात्री आठ वाजून एक मिनिटाने.

एक बारकावा इथेच सांगते, कारण बरेच जण त्यावर विसंबतात. एडब्ल्यूएसच्या या कमांडना ‘ड्राय-रन’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की आपल्याला ते काम करायची परवानगी आहे का, एवढंच तपासलं जातं. आपण निवडलेली मशीनं बरोबर आहेत का, हे तो सांगत नाही. म्हणून रंगीत तालमीची सोय मी स्वतः लिहिली: पहिले दोन आठवडे स्क्रिप्ट रोज रात्री आठ वाजता फक्त लिहायची, ‘आज मी ही बंद केली असती.’ ती यादी सकाळी सगळ्यांना जायची. स्क्रिप्टच्या हाती जी किल्ली दिली तिने मशीन थांबवता आणि सुरू करता येत होतं, कायमचं नष्ट करता येत नव्हतं; आणि तेही ठरावीक टॅग असलेलंच. निवडलेली मशीनं २५ पेक्षा जास्त निघाली तर काही न करता थांबायचं, अशी अटही घातली. फिल्टरमधला शब्द एखाद्या दिवशी चुकून रिकामा गेला तर सगळंच निवडलं जाऊ शकतं, आणि ‘सगळं’मध्ये ग्राहकांची ती सहाही येतात.

स्क्रिप्ट एका दुपारी झाली. टॅग लावायला अडीच आठवडे लागले.

टॅग म्हणजे मशीनला चिकटवलेली चिठ्ठी. आम्ही तीन ठरवल्या: मालक, काम, वेळापत्रक. स्क्रिप्टला गरज होती वेळापत्रकाची. मला हवा होता मालक. यादी घेऊन मी एकेकाकडे गेले. "हे तुझं का?" कोणी म्हणालं, "माझं होतं, आता नाही." कोणी म्हणालं, "त्यावर काहीतरी चालतं, नक्की काय ते बघावं लागेल." आणि एक उत्तर तिघांकडून आलं, जवळपास त्याच शब्दांत: "माझं नाही, पण बंद नको करूस."

हे वाक्य बरेच दिवस माझ्या डोक्यातून जाईना. ते बोलणारी माणसं कामात चोख होती, पैशांची काळजी असणारी होती. मग असं का? त्यातल्या एकाने शेवटी सांगितलं. पूर्वी एका ठिकाणी त्याने एक निरुपयोगी वाटणारं मशीन बंद केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पाच जण त्याच्यासमोर उभे होते. मशीन चालू ठेवायला कोणाला काही ठरवावं लागत नाही, त्यावर कोणाचं नाव लागत नाही. बंद करणाऱ्याचं नाव मात्र राहतं. आमच्या वाढत्या बिलातला बराचसा पैसा या भीतीचं भाडं होता, असं मला तेव्हापासून वाटतं, आणि ज्या ज्या टीमशी नंतर या विषयावर बोलले तिथेही मला तेच दिसलं. भीती निराधार नव्हती. म्हणून तिला हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं, तिला उत्तर द्यावं लागणार होतं.

मी फळ्यावर लिहून दाखवलं. ‘थांबवणं’ आणि ‘नष्ट करणं’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. थांबवलेल्या मशीनची डिस्क जागेवर राहते. सुरू केलं की ते त्याच डिस्कवरून नव्याने उठतं. पण जे राहत नाही तेही सांगायला हवं होतं. मशीनला थेट जोडलेली तात्पुरती साठवण थांबवल्याबरोबर पुसली जाते. आपोआप मिळालेला इंटरनेटवरचा सार्वजनिक पत्ता सुटतो आणि उठताना नवा मिळतो. कोणी जुना पत्ता कुठे लिहून ठेवला असेल तर ते अडतं. आणि अ‍ॅझ्युअरमध्ये मशीनच्या आत जाऊन शटडाउन केलं तर ते ‘स्टॉप्ड’ दिसतं, पण जागा आपल्याच नावाने अडलेली राहते आणि दर चालूच राहतो. तिथे मशीन ‘डीअ‍ॅलोकेट’ करावं लागतं. त्यासाठी वेगळी कमांड आहे आणि ती माहीत नसेल तर महिनाभर बंद मशीनचे पूर्ण पैसे जाऊ शकतात.

थांबवल्याने सगळा खर्च थांबतो असंही नाही. डिस्कचं भाडं चालूच असतं. राखून ठेवलेल्या पत्त्याचंही. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं; दिसायला अर्धा सेंट, वर्षाचे सुमारे ४४ डॉलर, एका पत्त्याचे. मशीन नष्ट केलं तरी नंतर जोडलेल्या जादा डिस्का सहसा मागे राहतात, कारण त्यांच्यासाठी ‘मशीनबरोबर काढून टाक’ ही खूण मुळात बंद असते. आमच्याकडे अशा नऊ डिस्का निघाल्या, कशालाच न जोडलेल्या. त्या शोधायची कमांड एका ओळीची आहे. ती ओळ आधी कोणीच लिहिली नव्हती, इतकंच. व्यवस्थापित डेटाबेसचं आणखी वेगळं: एडब्ल्यूएसच्या आरडीएसमध्ये थांबवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपला आपण सुरू होतो. तो पुन्हा थांबवायचं काम स्क्रिप्टच्या आठवणीत घालावं लागलं.

तालमीचे दोन आठवडे संपले आणि स्क्रिप्ट खरी चालू झाली. पहिल्याच आठवड्यात घड्याळ चुकलं: स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालवणारा क्रॉन ज्या मशीनवर होता त्याचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर होतं, माझ्या डोक्यात आमचं स्थानिक घड्याळ. मग कळलं, की दोन मशीनं ऑटो-स्केलिंगच्या, म्हणजे मशीनांची ठरलेली संख्या आपोआप राखणाऱ्या, गटातली आहेत. आम्ही त्यातलं एक थांबवलं, गटाला ते आजारी वाटलं, त्याने ते काढून टाकून नवं उभं केलं. रात्रभर स्क्रिप्ट थांबवत होती आणि गट नवं आणत होता. गटातल्या मशीनांना हात न लावता गटाचीच संख्या शून्य करायची असते. एकदा सकाळी मशीन उठेचना, कारण त्या भागात त्या आकाराची जागाच शिल्लक नव्हती. थांबवलेल्या मशीनसाठी जागा कोणी राखून ठेवत नाही. तेव्हापासून सुरू करणारी स्क्रिप्ट अर्धा तास आधी धावते, आणि डेटाबेस आधी उठवून बाकीच्यांना मागून उठवते.

या सगळ्या दुरुस्त्या होत्या. मनाला लागली ती एकच गोष्ट. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने सकाळी अकराला एक लांब गणित लावलं होतं. रात्री आठला स्क्रिप्टने मशीन थांबवलं. नऊ तासांचं काम गेलं, मधला कुठलाच टप्पा साठवलेला नव्हता. सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चूक माझीच, मी यादी वाचली नव्हती." त्याने असं म्हणावं याचं मला फार वाईट वाटलं. रात्रीतून वाचले असतील ते दोनचार डॉलर. गेला तो एका माणसाचा अख्खा दिवस, आणि वर त्याला वाटलं की आपणच गुन्हेगार आहोत. त्या दिवशी मी दुसरं काहीही केलं नाही. थांबवण्याआधी अर्धा तास मालकाला निरोप जाईल, आणि त्याने एक छोटी कमांड दिली की मशीन त्या रात्री जागं राहील, एवढं लिहिलं. मालकाचा टॅग मला का हवा होता ते तेव्हा सगळ्यांना कळलं. नाव नसेल तर विचारायचं कोणाला?

जागं ठेवण्याच्या कमांडला मी तारीख सक्तीची केली. ‘कायम’ हा पर्याय ठेवला नाही. त्यावरून थोडी कुरकुर झाली, पण मी हटले नाही. माझं ११ महिन्यांचं मशीन मी विसरले नव्हते.

आकार कमी करणं, स्वस्तातली स्पॉट मशीनं घेणं हेही पुढे झालं. स्पॉटमध्ये एडब्ल्यूएस दोन मिनिटांची पूर्वसूचना देऊन मशीन काढून घेऊ शकतं, म्हणून टप्प्याटप्प्याने साठवत जाणारी कामंच तिथे नेली. त्या मुलाचं गणित आता तिथेच चालतं.

राहता राहिली चार मशीनं. त्यांच्यावर हक्क सांगणारं कोणीच सापडलं नाही. मालकाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘माहीत नाही’. त्यांच्या डिस्कांचे स्नॅपशॉट, म्हणजे जशाच्या तशा प्रती, घेतले, सगळ्यांना कळवलं आणि थांबवली. तीन आठवडे काहीच झालं नाही. त्यातल्या तीन मशीनांबद्दल आजही कोणी विचारलेलं नाही.

चौथ्याबद्दल विचारणा आली महिन्याच्या दोन तारखेला. हिशेब खात्यातल्या एक बाई आमच्या जागेवर आल्या. यापूर्वी त्या कधी इकडे आल्या नव्हत्या. "एक तारखेची फाइल आली नाही हो," म्हणाल्या. कसली फाइल, कोण पाठवतं, हे त्यांनाही सांगता येईना. "ती आपली येते," एवढंच. मी यादी उघडली, थांबवलेलं मशीन सुरू केलं आणि आत शिरले. तिथे एक छोटी स्क्रिप्ट होती, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाने लिहिलेली, व्यवस्थित, प्रत्येक टप्प्यावर टिपण असलेली. महिन्यातून एकदा ती महिनाभराच्या नोंदी जुळवून एक फाइल तयार करायची आणि पाठवायची. काम वीस मिनिटांचं. त्यासाठी मशीन चार वर्षं अखंड चालू होतं.

बाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. मी स्क्रिप्ट हाताने चालवून फाइल दिली आणि त्यांना त्या ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी विचारलं, "मग बाकीचे दिवस हे काय करतं?" मी म्हटलं, काहीच नाही. त्या जरा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक तारखेला पहाटे उठवता येईल का त्याला? मी नऊला येते, तोवर फाइल हवी."

क्रॉनमध्ये ओळ लिहिली: शून्य, पाच, एक, तारा, तारा. दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे पाचला उठायचं, आणि काम झालं की स्क्रिप्टनेच शेवटी मशीन थांबवायचं. या वेळी घड्याळ यूटीसीवर आहे की कसं ते आधी पाहिलं. मालकाच्या रकान्यातलं ‘माहीत नाही’ खोडलं आणि तिथे कोणाचं नाव घालू असं विचारलं. बाई म्हणाल्या, "माझं घाला. पण मला त्यातलं काही कळत नाही, चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे घेतला आणि नाव टाइप केलं.

पुढच्या एक तारखेला मी लवकर जागी झाले आणि लॉग उघडला. दोनच ओळी होत्या. पाच वाजता सुरू. पाच वाजून एकवीस मिनिटांनी थांबलं.